टेबलाखालची साक्ष

चंद्रपुरात वकिलांना कामाची ददात कधीच नव्हती. जमिनीची भांडणं होती, कोळशाची भांडणं होती, आणि दोन्ही नसतील तेव्हा सख्खे भाऊ होतेच. असं भरलेलं ताट समोर असताना इब्राहीम वकिलांनी नोकरीवरून काढून टाकलेल्या माणसांचेच खटले घ्यायचं ठरवलं. त्यांच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं. पोराला लांबचं दिसत नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं.

वकिलांकडे येणाऱ्या पक्षकारांचा गुन्हा साधारण एकच असे. राजुऱ्याकडच्या कुठल्याशा खाणीतल्या हजेरीबाबूनं, खाणीत कधी न उतरलेल्या माणसाची हजेरी लावायला नकार दिला होता. एका दूध संघातल्या गड्यानं दुधात पाणी कुठून येतं ते पाहुण्यांना नळासकट दाखवलं होतं. कोणी विचारलेलं नसताना ही माणसं खरं बोलली होती. अशा माणसांसाठी आमच्या भागात फार जुना शब्द आहे. बह्याड म्हणतात, म्हणजे खुळा.

इब्राहीम वकील खटले जिंकतही. फक्त कामगार न्यायालयाची चाल अशी होती की नोकरी परत मिळाल्याचा हुकूम आणि निवृत्तीचा हार पक्षकाराच्या हाती बहुधा एकाच आठवड्यात पडे. तरी माणसं येत राहिली, कारण दुसरीकडे कोणी बसायला सांगत नसे. वकिलांचा आवाज कधी चढत नसे. लग्नात भेटलेल्या लांबच्या नातेवाइकाची ख्यालीखुशाली विचारावी, तशी ते उलटतपासणी घेत. साक्षीदार घरी जाऊन जेवायला बसला, की दुसऱ्या घासाला त्याच्या लक्षात येई की आपण काय बोलून बसलो.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे पोचू वेलादी आला. आलापल्लीच्या रस्त्यावर दंडकारण्य जंगल कामगार संस्थेचा लाकडाचा डेपो होता, तिथला हा राखणदार. संस्थेला दरवर्षी जंगलाचा एक आखलेला तुकडा, म्हणजे कूप, तोडायला मिळे. तिथला साग डेपोत यायचा, प्रत्येक ओंडक्यावर संस्थेच्या हॅमरनं मार्का ठोकला जायचा आणि मग तो विकायचा.

"काय केलंत पोचूभाऊ?" वकिलांनी विचारलं.

"काई नाई जी. खरं बोललो."

"किती लोकांसमोर?"

"सगळ्याईच्या. आमसभा होती."

"कधी बोललात? सुरुवातीला, की शेवटी?"

"आभार झाल्यावर. चिवडा यायच्या आंधी."

इब्राहीम वकिलांनी पेन खाली ठेवलं. प्रकरण वाटलं त्यापेक्षा गंभीर होतं. सहकारी संस्थेच्या आमसभेत माणूस काहीही बोलू शकतो. पण आभारप्रदर्शन आणि चिवडा यांच्या मधली पाच मिनिटं पवित्र असतात. त्या वेळी अध्यक्षाच्या बापाचा उद्धार केला तरी सभासद क्षमा करतील, चिवड्याला उशीर केलेला विसरणार नाहीत.

"बोललात काय?"

"अध्यक्ष म्हणे, कूप अकराचा सारा साग डेपोच्या आगीत जळाला. मी उठलो अन् म्हणलो, आगीत फाटे जळले जी. साग तं आंधीच ट्रॅक्टरवर बसून गेला. ट्रॅक्टर तुमचाच होता."

दुसऱ्या दिवशी पोचूच्या हाती बडतर्फीचा कागद पडला. त्यात लिहिलं होतं की ती आग पोचूच्याच विडीनं लागली, आणि आपलं पाप झाकायला तो अध्यक्षांवर बालंट घेतो आहे.

"विडी तुमची होती का?"

"विडी माही होती जी. आग माही नव्हती."

वकिलांनी पुन्हा पेन उचललं आणि म्हणाले, "कोर्टात विचारतील तेवढंच बोलायचं."

"हो जी." पोचू उठला. दारापाशी थांबला. "नोकरी भेटली तं भेटली, नाई तं नाई. पण गावात मले जंगल जाळणारा म्हणून राह्यले. परवा गावजेवण होतं. दर खेपेले चूल मी पेटवतो. या खेपेले म्हणे, तू राहू दे."

*

अध्यक्ष गुणवंतराव वाईट माणूस नव्हते. त्यांना दान करायची फार हौस होती, एवढंच. ही हौस भागवायला माणसाजवळ काहीतरी असावं लागतं, आणि गुणवंतरावांजवळ साग होता. शाळेची बाकं त्यांची, देवळातला पाळणा त्यांचा, मशिदीतला जनाजा, म्हणजे मयत न्यायची खाट, तीही त्यांचीच. प्रत्येक वस्तूवर पितळी पाटी असे: गुणवंतराव यांजकडून सप्रेम भेट. जिल्ह्यात माणूस जन्मल्यापासून जाईपर्यंत गुणवंतरावांच्या लाकडावरच असे. आम्ही वकील बार रूममध्ये ज्या लांबरुंद टेबलावर डबे खात होतो, त्यावरही तीच पाटी होती. चिंतलवार वकील नेहमी पाटीच्या बाजूला बसत, कारण संस्थेचे वकील तेच होते.

अशा माणसाविरुद्ध साक्षीदार मिळणं अवघड. वकील आलापल्लीला दोनदा जाऊन आले. ज्याला विचारावं तो आधी ज्याच्यावर बसला होता त्याच्याकडे पाही, मग म्हणे, "आपल्याले काई माहीत नाई बुवा."

त्यामुळे साक्षीदार उरला एकटा पोचू. आणि त्याची उलटतपासणी चिंतलवार वकिलांनी घेतली. न्यायाधीश लिमये साहेब नुकतेच पुण्याकडून बदलून आलेले होते आणि चंद्रपूरच्या उन्हाकडे वैयक्तिक अपमान म्हणून पाहत होते.

"तुम्ही रात्री डेपोत झोपत होता?" चिंतलवारांनी विचारलं.

"झोपत होतो जी."

इब्राहीम वकिलांनी डोळे मिटले.

"राखणदार असून झोपत होता?"

"मॅनेजर घरी झोपे, मी डेपोत झोपू. कोनीतरी तिथी पाह्यजे ना जी."

"मोहाची घेता?"

"सणाले."

"किती सण असतात तुमच्यात?"

"लय असतात जी. कमी पडले तं तुमचे बी धरतो."

"आणि आग लागली त्या दिवशी डेपोत विडी ओढली होती?"

"ओढली होती."

चिंतलवार वकील खाली बसले. इतक्या लवकर बसायची सवय नसल्यानं खुर्ची जराशी चुकली. लिमये साहेबांनी चष्म्यावरून पोचूकडे पाहिलं आणि म्हणाले, "इतका प्रामाणिक साक्षीदार मी आजवर पाहिला नाही." खटला गेला, हे त्यावरून सगळ्यांना कळलं.

बाहेर निंबाखाली इब्राहीम वकील म्हणाले, "पोचूभाऊ, एखाद्या प्रश्नाला 'आठवत नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं."

"पण आठवते जी."

शत्रूकडचा खोटा साक्षीदार वकिलाला परवडतो. आपल्याकडचा खरा परवडत नाही.

*

तशी आणखी एका माणसाला सगळी हकिकत ठाऊक होती. गुणवंतरावांचं लाकूडकाम करणारा सुतार रईस. सागाचा ट्रॅक्टर त्याच्याच अंगणात रिकामा झाला होता. अडचण अशी की रईस हा वकिलांचा मेव्हणा.

वकिलांच्या बेगम खैरुनबी घरी हिंदी बोलत. भांडण मात्र त्या मराठीत करीत, शेजारच्या इंदुताईंना काही समजायचं राहून जाऊ नये म्हणून. त्या संध्याकाळी त्यांनी मराठी सुरू केली.

"माह्या भावाले पिंजऱ्यात उभं कराल तं मी चिंतलवार वकिलाकडून साक्ष देईन. तुमच्याविरुद्ध."

"कशाची?"

"लय आहे माह्याजवळ."

"पोचूची नोकरी गेली, खैरुन. गावात त्याला चूल पेटवू देत नाहीत."

"अन् रईसची गेली तं? गुणवंतरावाचं काम गेलं की साऱ्या आलापल्लीचं काम जाते त्याचं. काऊन, त्यानं चोरी केली? आणून देल्लं लाकूड, यानं टेबल करून देल्लं. उलट तो तं मार्का बी रंधत नाई. अब्बानं शिकवलं तसंच करते. आपल्या पलंगाखाली पाहा वाकून."

आता ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगायला हवी. आमच्या भागात ज्याच्या घरी साग, तो आधी चोर असतो. मग तो मार्का दाखवतो आणि सज्जन होतो. म्हणून इथला सुतार ओंडक्यावरचा मार्का असलेला तुकडा जपून काढतो, त्याच्यावर रंधा फिरवत नाही, आणि पलंगाच्या, टेबलाच्या, कपाटाच्या खालच्या अंगाला तो असा बसवतो की जंगलखात्याचा गार्ड आला तर बोट ठेवून दाखवता यावा. दाखवायचीही रीत आहे. नुसतं 'हा पाहा' म्हणून चालत नाही. बोट फिरवत सगळा मार्का मोठ्यानं वाचायचा, संस्थेच्या खुणेपासून कूपच्या आकड्यापर्यंत, म्हणजे गार्डाला वाकावं लागत नाही. लग्न ठरताना आंदणातल्या पलंगाचा मार्का आधी वाचला जाई, मुलीचं नाव मागून विचारत.

वकील पलंगाखाली गेले. मार्का होता. सासऱ्यांनी बारा वर्षांपूर्वी तो त्यांना वाचून दाखवला होता, पण त्या वेळी त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. वाचून झाल्यावरही ते बराच वेळ तिथंच पडून राहिले.

"झोप लागली का जी?" वरून खैरुनबींनी विचारलं.

"नाही. डब्यात उद्या चमचा दे."

"डब्यात भाकर आहे. चमचा कशाले?"

"पाडायला."

दुसऱ्या दिवशी बार रूममध्ये जेवताना इब्राहीम वकिलांच्या हातून चमचा पडला. उचलायला त्यांना अंमळ वेळ लागला. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. फक्त त्यांनी चिंतलवारांना स्वतःहून लोणचं वाढलं. चिंतलवारांनी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मार्का होता, कूपचा आकडाही होता. पण आपण नुसतं बोट दाखवलं तर काय होणार, हे वकिलांना दिसत होतं. चिंतलवार उठून म्हणणार, हॅमर डेपोत, डेपोत पोचू, त्यानंच कधीतरी येऊन ठोकला असेल. मार्का कोणाचा आणि कुठल्या कूपचा, हे दुसऱ्याच कोणीतरी आपल्या तोंडानं सांगायला हवं होतं. रईसला बोलवायचं नव्हतं. मग जिल्ह्यात तसा एकच माणूस उरला होता, आणि तो पुढच्या तारखेला येणारच होता.

*

गुणवंतराव साक्षीला आले ते पांढऱ्या सदऱ्यात, अत्तर लावून. पिंजऱ्याचा कठडा त्यांनी हातानं चाचपून पाहिला आणि लाकूड हलकं आहे, असा चेहरा केला. आल्या आल्या त्यांनी शिपायाला विचारलंही होतं, कोर्टाले एखादं कपाट पाह्यजे काय म्हणून.

इब्राहीम वकील उठले.

"गुणवंतराव भाऊ, प्रकृती कशी आहे?"

चिंतलवारांनी हरकत घेतली. लिमये साहेब म्हणाले, "प्रश्न निरुपद्रवी आहे. सांगा."

"बरी आहे, तुमच्या कृपेनं."

"कूप अकराचा साग सगळा जळाला, असं आपण प्रतिज्ञापत्रात म्हटलंय."

"सारा जळाला. राख झाली. एक काडी वाचली नाई."

"त्यातला थोडासा आधी विकला, कोणाला दिला, असंही नाही?"

"आंधी विकाले फुरसत कुठी भेटली? पोचूनं विडी ओढली ना."

"फार वाईट झालं."

"लय वाईट. मी दोन दिवस जेवलो नाई."

"तरीसुद्धा आपण दानधर्म थांबवला नाही." वकिलांच्या आवाजात खराच आदर होता. "शाळेला बाकं दिली."

"देल्ली."

"देवळाला पाळणा."

"देल्ला."

"आमच्या मशिदीला जनाजा."

"अस्सल सागाचा. त्याच्यावरून गेलेल्या एकाही माणसाची अजून तक्रार नाई."

चिंतलवार पुन्हा उठले. "साहेब, याचा पोचूच्या नोकरीशी काय संबंध?"

"बसा ना हो," गुणवंतराव आपल्याच वकिलाला म्हणाले. "आता तं ते चांगलं विचारून राह्यले."

"आणि बार रूममधलं टेबल?" इब्राहीम वकिलांनी विचारलं.

"मीच देल्लं. पाटी बी आहे."

"ते चोरीच्या सागाचं आहे ना?"

कोर्टात पंखा होता, तो ऐकू येऊ लागला. लिमये साहेबांना कळेना की या साध्या प्रश्नानं मागच्या बाकावरची माणसं उभी का राहिली. दुसऱ्या गावात माणसाला आईवरून शिवी दिली तर जे होतं, ते आमच्याकडे हे वाक्य म्हटलं की होतं.

"काय म्हणले?" गुणवंतराव हळू आवाजात म्हणाले.

"नाही, म्हणजे मी रोज तिथं जेवतो. मला तर कुठं मार्का दिसला नाही. उद्या गार्ड आला तर वकील संघानं त्याला काय दाखवायचं, एवढीच काळजी."

"मार्का नाई? गुणवंतरावाच्या टेबलाले मार्का नाई?"

"साहेब," चिंतलवार म्हणाले, "माझे पक्षकार या प्रश्नाचं उत्तर देणार नाहीत."

"काऊन देणार नाई? हा माणूस मले चारचौघात लाकूडचोर म्हणून राह्यला."

"मी म्हटलं नाही," इब्राहीम वकील म्हणाले. "विचारलं."

"चला," गुणवंतराव म्हणाले, आणि पिंजऱ्यातून उतरले.

लिमये साहेबांनी टेबल कोर्टात आणायला सांगितलं. शिपाई जाऊन आला आणि म्हणाला, येत नाही. रईसनं ते टेबल बार रूमच्या आतच जोडलं होतं. दार त्या मानानं अरुंद. न्यायाधीशानं बार रूममध्ये पाऊल टाकावं असा प्रघात नव्हता. साहेबांनी एकदा पंख्याकडे पाहिलं, एकदा गुणवंतरावांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे, जी एव्हाना व्हरांड्यात पोचली होती. मग म्हणाले, "प्रघात नाही, पण मनाईही नाही." आणि उठले.

बार रूममध्ये जेवणाची वेळ होती. न्यायाधीश आत आलेले पाहून ज्यांच्या तोंडात घास होता त्यांनी तो तसाच ठेवला. डबे उचलले गेले. टेबलावरचा तेलाचा एक ताजा डाग चिंतलवारांनी हातरुमालानं झाकला. त्या प्रकरणात अशिलासाठी त्यांना करता आलेलं ते शेवटचं काम.

गुणवंतरावांनी सदरा खोचला, गुडघे टेकले आणि टेबलाखाली गेले. स्टेनो वही घेऊन बाजूला उभा राहिला.

"हे पाहा," खालून आवाज आला. "गोल दिसते? गोलात दं. आमच्या संस्थेचा. आहे का नाई?"

"कूपचं काय?" इब्राहीम वकील म्हणाले. "साहेब नवीन आहेत. रीतीप्रमाणे पूर्ण वाचाल तर बरं."

गुणवंतरावांनी असा मार्का आजवर किती पाहुण्यांना वाचून दाखवला असेल, त्याला गणती नाही. जीभ आपोआप चालली. "दंडकारण्य जंगल कामगार संस्था. कूप नंबर अकरा."

मग टेबलाखालचं फिरणारं बोट थांबलं.

"काय म्हणालात?" वकिलांनी वाकून विचारलं. "पंख्याचा आवाज आहे."



"अकरा म्हणाले," स्टेनो म्हणाला. तो पगारी माणूस, त्याला बाजू नव्हती.

"कूप अकरा," लिमये साहेब सावकाश म्हणाले, "म्हणजे जो जळाला तो?"

"राख झाली साहेब. एक काडी वाचली नाही," इब्राहीम वकील म्हणाले.

साहेबांनी बोटाच्या पेरानं टेबलावर टकटक केली. "राख चांगली टणक आहे," ते म्हणाले.

"कोनीतरी मागून ठोकला असन," खालून आवाज आला. "हॅमर पोचूपाशीच राहे."

मग जे झालं ते चंद्रपूरच्या न्यायालयानं आधी पाहिलं नव्हतं. लिमये साहेबांनी कोट काढून शिपायाकडे दिला आणि तेही टेबलाखाली गेले. आता खाली न्यायाधीश आणि साक्षीदार, वर दोन्ही पक्षांचे वकील.

"मार्क्याच्या खाचेत पॉलिश भरलंय," साहेबांचा आवाज आला. "म्हणजे ठोकला आधी, टेबल झालं नंतर. शिवाय हा संस्थेचा मार्का आहे, असं आपणच सांगितलंत. आम्ही विचारलंही नव्हतं."

"इज्जतीचा प्रश्न होता ना साहेब," गुणवंतराव म्हणाले.

"घ्या लिहून. साक्षीदार शपथेवर सांगतो की..."

"टेबलाखालून, असं लिहू का साहेब?" स्टेनोनं विचारलं.

"लिहा. साक्ष कुठून दिली, याला महत्त्व असतं."

दारात पोचू उभा होता. त्यानं हात वर केला. "साहेब, एक सांगू का?"

"नको," इब्राहीम वकील म्हणाले.

"सांगा," खालून साहेब म्हणाले.

"विडी मी ओढली होती जी."

"ते आधीच नोंदलंय पोचू. आता आपण विडीकडून टेबलाकडे आलो आहोत."

*

निकाल लवकर लागला. इतका लवकर की इब्राहीम वकिलांना तो दुसऱ्याच कोणाचा वाटला. बडतर्फी रद्द. निकालपत्रात लिमये साहेबांनी एक ओळ घातली होती, ती आमच्याकडे पुढं बरीच वर्षं म्हणून दाखवत: साग आधीच गेलेला असताना आगीची गरज विडीला नव्हती; ती कोणाला होती, हे टेबल सांगतं.

निकालाची प्रत वर गेली, चौकशी बसली, आणि गुणवंतरावांनी प्रकृतीच्या कारणावरून राजीनामा दिला. ती कशी आहे, हे त्यांनी शपथेवर सांगितलेलं होतं, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्या महिन्यात सारा जिल्हा वाकला. शाळेत मास्तर बाकांखाली शिरले, देवळात पुजारी पाळण्याखाली. जिथं तिथं गोलात दं, कूप अकरा. चौकशी पुरी होईपर्यंत सगळा माल संस्थेच्या डेपोत जमा करायचा हुकूम निघाला. जनाजा वापरात असल्यामुळे दोन दिवस उशिरा आला.

बार रूमचं टेबल न्यायला आले तेव्हा ते दारातून निघेना. चौकट काढावी लागली. काढली तर चौकटीच्या मागच्या अंगालाही मार्का. मग चौकटही गेली. पुढचे सहा महिने आम्ही बिनटेबलाच्या, बिनदाराच्या खोलीत मांडीवर डबे घेऊन जेवलो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पक्षकारांना आमच्या भाज्या कळू लागल्या. वकील संघाच्या बैठकीत इब्राहीम वकिलांच्या अभिनंदनाचा ठराव आला होता. तो उभ्याउभ्याच फेटाळला गेला.

चौकट काढायला रईसलाच बोलावलं होतं. त्याचं काम जाईल ही भीती फुकट गेली. ज्या सुताराचा मार्का खुद्द कोर्टात वाचला गेला, त्याच्याकडूनच पलंग करून घ्यायचा, असं लोकांनी ठरवलं. खैरुनबी पुन्हा हिंदी बोलू लागल्या. इंदुताईंनी काही दिवस वाट पाहिली आणि भिंतीजवळची खुर्ची आत नेली.

दिवाळीनंतर इब्राहीम वकील मुलचेऱ्याच्या एका पक्षकाराकडे निघाले होते. वाटेत आलापल्लीला डेपोजवळ उतरले. आत ओंडक्यांच्या बाजूला शाळेची बाकं एकावर एक रचलेली, पाळणा टांगलेला, आणि मधोमध आमचं टेबल. राखणदाराची काठी त्याला टेकवून ठेवलेली होती. पोचूनं पळत येऊन वकिलांच्या हातातला डबा घेतला, टेबल गमछ्यानं पुसलं आणि डबा पितळी पाटीच्या बाजूला मांडला.

"कसं चाललंय पोचूभाऊ?"

"बरं आहे जी. परवा गावजेवण होतं."

"मग?"

"चूल मीच पेटवली."

वकिलांनी त्याच्यापुढं अर्धी भाकर सरकवली. दोघं जेवू लागले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला घडी घातलेलं घोंगडं आणि उशी होती. इब्राहीम वकिलांनी तिकडे पाहिलं, आणि राहवलं नाही म्हणून विचारलं.

"ड्यूटीवर अजून झोपता?"

"झोपतो जी. आंधी खाली झोपू, आता टेबलावर."

"आणि विडी?"

"ओढतो. पण खाली उतरून."

वकिलांनी घास खाली ठेवला. "पोचूभाऊ, मी तुमचा वकील आहे. हे सगळं मला सांगायची गरज नव्हती."

"तुम्ही विचारलं जी," पोचू म्हणाला.